रात्री तीनला लागणारा दम आणि संगीत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील ६८ वर्षांचे, सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, बऱ्याच वर्षांपासून. दहाला अंथरुणावर पडतात, पण डोळा लागायला तासभर जातो. तीन-साडेतीनला दचकून उठतात, दम लागलेला असतो, आणि मग उजाडेपर्यंत पलंगाच्या काठावर बसून राहतात. दिवसभर चिडचिड, कशातच मन नाही. कुणीतरी संगीतोपचार सुचवला आहे. कोणतं संगीत लावावं, किती वेळ, एखादा ठरावीक राग असतो का, आणि त्याने झोपेची गोळी सुटेल का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वीसेक वर्षं फुफ्फुसांच्या जुनाट आजारांचे रुग्ण पाहते आहे, त्यातली बरीचशी वर्षं संगीतोपचारकांच्या जोडीने. उत्तर लांबणार आहे, तेव्हा सवडीने वाचा.

गोळीचं आधी सांगते, कारण धोका तिथे आहे. झोपेच्या काही गोळ्या, विशेषतः बेन्झोडायझेपिन गटातल्या, मेंदूकडून येणारी श्वासाची प्रेरणा मंदावतात. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून राहतो त्यांना त्या फार जड जातात. त्यामुळे गोळी सुटावी ही तुमची इच्छा रास्तच आहे. पण रोजची गोळी एका रात्रीत बंद केली तर झोप आणखी उडते, घाबरेपणा वाढतो, क्वचित झटकेही येतात. ती डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने उतरवायची असते. तुम्ही संगीत सुरू करा, गोळीला हात लावू नका, आणि महिनाभराने नोंदी हातात घेऊन डॉक्टरांशी विषय काढा.

आता मूळ तक्रारीकडे. तुम्ही एका दमात दोन गोष्टी सांगितल्या आहेत: झोप लवकर लागत नाही, आणि लागलेली झोप मोडते. घरच्यांना हे एकच दुखणं वाटतं. प्रत्यक्षात या दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि संगीताचं कामही दोन्हीकडे वेगळं आहे. झोपताना तासभर गाणी लावून तीनची झोपमोड थांबेल अशी अपेक्षा ठेवून बसलात, तर दोन आठवड्यांत कंटाळून सगळंच सोडून द्याल.

तीन वाजता काय होतं ते समजून घ्या. सीओपीडीत हवा आत शिरते, पण अरुंद झालेल्या नळ्यांमधून बाहेर पडताना अडते. ती पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास येतो. अशी हवा साठत साठत छाती फुगून राहते आणि तिच्या तळाचं घुमटासारखं श्वासपटल सपाट होतं. सपाट पडद्याला फारसं काम जमत नाही, म्हणून मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू मदतीला येतात. जागेपणी या उसनवारीवर भागतं. स्वप्नांच्या झोपेत मात्र शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात, त्यात बरगड्यांमधलेही आले. सगळा भार त्या थकलेल्या पडद्यावर येतो आणि रक्तातला ऑक्सिजन खाली घसरतो. स्वप्नझोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, आणि नेमक्या पहाटेच्या सुमाराला श्वासनलिकाही दिवसभरापेक्षा जास्त आवळलेल्या असतात. म्हणून तीन, साडेतीन, चार. बाबा ‘उगाच घाबरतात’ असं घरात कुणी म्हणत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

त्यामुळे गाण्यांची यादी करण्याआधी काही गोष्टी छातीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. बाबा जोरात घोरतात का, घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो का? सीओपीडी आणि झोपेतला श्वासरोध हे दोन आजार एकाच माणसात असू शकतात. १९८५ मध्ये डेव्हिड फ्लेनली यांनी या जोडीला ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ असं नाव दिलं. अशा रुग्णांचा ऑक्सिजन रात्री जास्तच खाली जातो. सकाळी उठल्यावर डोकं जड, दिवसा सारखी पेंग, बोलण्यात गोंधळ, घोट्यावर सूज, यातलं काही असेल तर संगीताचा विचार नंतर. आडवं होताच दम लागत असेल तर हृदयाची तपासणी हवी. औषधांच्या वेळाही पाहा. स्टेरॉईडच्या गोळ्या आणि थिओफिलिन या दोन्हींनी झोप उडू शकते.

हे मी ठासून सांगते कारण माझ्याकडून एकदा चूक झाली आहे. एका गृहस्थांसाठी आम्ही तीन आठवडे यादीत फेरफार करत होतो. बासरी काढली, सारंगी घातली, वेळ वाढवला, आवाज कमी केला. शेवटी त्यांच्या पत्नीच्या बोलण्यातून कळलं की स्टेरॉईडची गोळी ते रोज रात्री झोपण्यापूर्वी घेत होते, कारण सकाळी विसरायला होतं. डॉक्टरांनी ती वेळ सकाळवर आणली आणि त्याच आठवड्यात त्यांची झोप सुधारली. बासरीचा त्यात काही दोष नव्हता.

संगीताने श्वासनलिका रुंदावत नाहीत. फुफ्फुसाची झालेली झीज भरून येत नाही. संगीत ज्या दोन गोष्टींवर काम करतं त्या म्हणजे श्वास सोडायला मिळणारा वेळ आणि दम लागण्याची भीती. या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. माणूस मिनिटाला वीस श्वास घेत असेल तर एका श्वासाला तीन सेकंद मिळतात. त्यातला एक सेकंद आत घेण्यात गेला की सोडायला दोन उरतात. अरुंद नळ्यांना ते पुरत नाहीत. घाबरून वेग तीसवर गेला तर सोडायला जेमतेम एक सेकंद उरतो, हवा आणखी अडकते, छाती आणखी फुगते, दम वाढतो, आणि दम वाढला म्हणून भीती वाढते. तोच वेग पंधरावर आणता आला तर सोडायला जवळजवळ तीन सेकंद हाती येतात. औषधाविना मिळणारी ही सवलत आहे. ओठांचा चंबू करून श्वास सोडायला आम्ही शिकवतो तेही याचसाठी.

संगीताच्या लयीचा श्वासावर परिणाम होतो हे नुसतं वाटण्यापुरतं नाही. इटलीतले लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक छोटा पण सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. संगीत शिकलेले १२ आणि न शिकलेले १२, अशा लोकांना त्यांनी सहा प्रकारचं संगीत ऐकवलं. त्यात पाश्चात्त्य अभिजात संगीत होतं, रॅप होतं, टेक्नो होतं आणि आपलं रागसंगीतही होतं. लय जलद झाली की श्वसन, रक्तदाब आणि नाडी वाढत होती. संगीताचा प्रकार कोणता, यापेक्षा लय जास्त महत्त्वाची ठरली. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत श्वसन, नाडी आणि रक्तदाब सुरुवातीच्याही खाली गेले. संगीतानंतर येणारी शांतता आधीच्या शांततेपेक्षा खोल असते, असा त्याचा अर्थ मी घेते, आणि यादी बनवताना तो मला रोज उपयोगी पडतो. हे प्रयोग निरोगी माणसांवरचे होते, हे मात्र विसरायचं नाही.

झोपेबद्दलचा पुरावा काय म्हणतो? निद्रानाश असलेल्या प्रौढांनी संगीत ऐकण्यावरच्या चाचण्यांचा कॉक्रेन आढावा, म्हणजे अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा आढावा, २०२२ मध्ये नव्याने आला. त्यात १३ चाचण्या आणि १,००७ माणसं होती. संगीत रोज २५ ते ६० मिनिटं, तीन दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत ऐकवलेलं. पिट्सबर्ग निर्देशांक म्हणून झोपेच्या प्रतीची एक प्रश्नावली आहे, ० ते २१ गुणांची. गुण जितके जास्त तितकी झोप वाईट. त्यावर सुमारे २.८ गुणांचा फरक पडला. हा फरक चांगलाच म्हणायचा. पण त्याच आढाव्यात मध्येच झोपमोड होण्यावर संगीताचा स्पष्ट परिणाम दिसला नाही. मी वर दोन तक्रारी वेगळ्या केल्या त्या यासाठी. डोळा लागायला संगीत मदत करतं. तीनला उठवणारं कारण शरीरातलं आहे, त्याला दहा वाजता लावलेली बासरी पुरी पडत नाही. तिथे दुसरा उपाय करायचा, तो पुढे सांगते.

आधी झोपतानाचं. सुरुवात यादीपासून करू नका. बाबांचा श्वास मोजण्यापासून करा, आणि त्यांना न सांगता. ‘श्वास मोजतेय’ म्हटलं की माणसाचा श्वास बदलतो. नाडी पाहायच्या निमित्ताने मनगट धरा आणि पूर्ण एक मिनिट छातीकडे लक्ष ठेवा. बावीस-चोवीस आला तर तिथून सुरुवात करायची. संगीतोपचारात एक जुनं तत्त्व आहे, इरा आल्ट्शुलर यांनी १९४० च्या दशकात मांडलेलं: माणूस ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेशी जुळणारं संगीत आधी द्या आणि मग हळूहळू जिथे न्यायचं तिकडे वळा. चिडलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसापुढे एकदम अतिविलंबित आलाप ठेवला तर तो आणखी वैतागतो. आमच्या क्षेत्रातली निम्मी फसलेली उदाहरणं इथेच फसतात.

म्हणून यादीचे तीन तुकडे करा. पहिली दहा मिनिटं त्यांच्या आवडीचं, मध्य लयीतलं, ओळखीचं काहीही. पुढची पंधरा मिनिटं लय मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांच्या आसपास, तालवाद्य असलंच तर दबलेलं, आवाजात अचानक चढ-उतार नाही, तारसप्तकात झेप नाही. शेवटी दहा-पंधरा मिनिटं ठेका नसलेलं काही: नुसता तानपुरा, मंद्र सप्तकातला आलाप, पावसाचा एकसुरी आवाज. ठेका नसला की श्वासाला कुणी हाकत नाही. ठेक्याबरोबर श्वास घ्या असं त्यांना मुळीच सांगू नका. छाती आधीच फुगलेल्या माणसाने ओढूनताणून श्वास लांबवला की त्याला हवेची भूक लागते आणि सगळं उलटतं. ऐकू द्यायचं, बाकी श्वास आपला आपण ठरवतो.

एक सापळा सांगते, सहसा कुणी सांगत नाही. गाण्याचे शब्द डोक्यात घुमतात म्हणून लोक लोकप्रिय गाण्यांची नुसती वाद्यांवर वाजवलेली रूपं लावतात. वरवर शहाणपणाचं वाटतं. पण अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी झोपेच्या प्रयोगशाळेत हे तपासलं आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. वाद्यांवरची रूपं ऐकणाऱ्यांच्या डोक्यात गाणी जास्त घोळत राहिली आणि त्यांची झोपही जास्त बिघडली. मला यात नवल वाटत नाही. ओळखीची चाल शब्दांशिवाय ऐकू आली की मन रिकाम्या जागा भरत बसतं. तेव्हा वाद्यसंगीत लावायचं तर असं लावा की ज्याला मुळात शब्दच नाहीत.

यंत्रांबद्दल थोडं. फोनवरून थेट इंटरनेटवर गाणी लावू नका. मध्येच एखादी जाहिरात किंचाळते आणि अर्ध्या तासाची कमाई एका सेकंदात जाते. गाणी आधी उतरवून ठेवा, पडदा काळा करा, टायमर लावा. शक्य असेल तर शेवटी आवाज विरत जाईल असं बघा, कारण संगीत कापल्यासारखं थांबलं की कित्येकांना जाग येते. रात्री ऑक्सिजन चालू असेल तर नळी कानावरून गेलेली असते, तिच्यात इअरफोनच्या वायरी गुंतवू नका. बायपॅपच्या (दाबाने हवा देणाऱ्या मशीनच्या) मास्कचे पट्टे असतील तर हेडफोन बसणारच नाही. हाताच्या अंतरावर छोटा स्पीकर, आणि आवाज इतकाच की कुणी पलीकडून हळू बोललं तरी ऐकू यावं आणि मशीनचा अलार्म दबू नये. ऑक्सिजन चालू असताना फोन चार्जिंगला लावून उशीखाली ठेवणं तर अजिबात नको.

ऑक्सिजन मशीनच्या घरघरीलाही एक सूर असतो. आमच्या एका आजींना तानपुरा सहन होईना. ‘डोकं भणभणतं’ म्हणायच्या. आमच्या संगीतोपचारक मैत्रिणीने त्यांच्या खोलीत बसून ऐकलं तर मशीनचा सूर आणि तानपुऱ्याचा षड्ज एकमेकांना घासत होते. तानपुरा थोडा उतरवून मशीनच्या सुरात लावला आणि तक्रार मिटली. शास्त्रीय पुरावा वगैरे नाही हो हा, पण घरी करून पाहायला काहीच हरकत नाही.

निदान तीन आठवडे यादी बदलू नका, आणि तीच यादी दिवसा लावू नका. शरीराने त्या सुरांना ‘आता झोपायचं’ म्हणून ओळखायला हवं. रोज नवीन निवडलं की मन ऐकत बसतं.

आता तीन वाजताचं. हे मी जास्त महत्त्वाचं मानते. त्या वेळी संगीताने झोप आणायची नसते, भीतीचं चक्र तोडायचं असतं. दम किती ‘जाणवतो’ आणि भीती किती वाटते, हे ठरवणारे मेंदूतले भाग बरेचसे एकच आहेत, इन्सुला आणि अमिग्डाला. म्हणून तेवढीच हवा अडकलेली असताना एक माणूस बसून राहू शकतो आणि दुसऱ्याला वाटतं की हा शेवटचा श्वास.

यासाठी एक वेगळी रचना लागते, सहा ते आठ मिनिटांची. झोपेच्या यादीतली नको. सुरुवातीला तिची वाक्यं आखूड असावीत, धापेच्या वेगाशी जुळणारी, आणि पुढे हळूहळू लांबत जावीत. संगीतोपचारक मिळाला तर तो अशी रचना बाबांसमोर बसून बांधून देईल. नाही मिळाला तर तुमचा स्वतःचा आवाज वापरा. ती रचना किंवा ते गुणगुणणं आधी दिवसा, बाबा शांत असताना, रोज दोनदा असं किमान पंधरा दिवस ऐकवायचं, श्वासाच्या व्यायामाबरोबर. घाबरलेल्या माणसाला नवीन काही शिकता येत नाही, ओळखीचं मात्र पटकन धरता येतं.

प्रसंग आला की क्रम असा. डॉक्टरांनी तातडीचा पंप दिलेला असेल तर तो पहिला. मग बसवा, पुढे झुकवा, कोपरं मांडीवर किंवा समोरच्या उशीवर. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा येऊ द्या. गालांवरच्या गार हवेने दमाची जाणीव कमी होते आणि यावर अभ्यासही झाले आहेत. त्यानंतर संगीत, किंवा पाठीवर हात ठेवून तुमचं गुणगुणणं. त्यांच्या श्वास सोडण्याबरोबर तुमचा सूर सुरू व्हावा आणि दर वेळी जरासा लांबावा. ‘शांत व्हा’, ‘घाबरू नका’ हे शब्द टाळा. त्यांना उत्तर द्यायला श्वास लागतो. ऑक्सिजनचा प्रवाह आपल्या मनाने वाढवू नका. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या रुग्णांत ऑक्सिजनची पातळी साधारण ८८ ते ९२ टक्क्यांत ठेवतात, त्याहून जास्त ऑक्सिजन त्यांना घातक ठरू शकतो. तुमच्या वडिलांसाठी किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि पंप घेऊनही दम उतरत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, दोन शब्दही सलग बोलता येत नसतील, किंवा ते विचित्र सुस्त होत असतील तर संगीत बंद करून थेट रुग्णालय गाठा.

मनाचं काय? तुम्ही चिडचिड लिहिलीत. या आजारात चिडचिडीखाली बहुधा लाज असते. जिना चढताना थांबावं लागतं, वाक्य अर्ध्यात तुटतं, फोनवर लोक ‘धावत आलात का’ विचारतात. मग माणूस बोलणंच कमी करतो. अशा माणसाला फक्त ऐकायला बसवण्यापेक्षा गायला लावण्याचा फायदा मी जास्त पाहिला आहे. गाताना श्वास सोडण्याला एक कारण मिळतं, आणि चार लोकांत आवाज मिसळला की आपला तुटका श्वास कुणाला ऐकू येत नाही.

इथे पुराव्याबद्दल प्रामाणिक राहते. सीओपीडीत गाण्यावरचा २०१७ चा कॉक्रेन आढावा फक्त तीन चाचण्या आणि ११२ रुग्णांवर उभा होता. शारीरिक क्षमतेशी निगडित जीवनमान थोडं सुधारल्याचं दिसलं, पुरावा मात्र कच्चा. नंतर डेन्मार्कमध्ये २७० रुग्णांची मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली. पुनर्वसनाच्या १० आठवड्यांच्या कार्यक्रमात नेहमीच्या शारीरिक व्यायामाऐवजी एका गटाला गाण्याचं प्रशिक्षण दिलं. सहा मिनिटांत किती चालता येतं या कसोटीवर गाणारा गट मागे पडला नाही. हे वाचून व्यायाम सोडू नका. पण व्यायामाचं नाव काढताच बाबा तोंड फिरवत असतील तर ‘गाऊया का’ हा दरवाजा उघडा आहे, एवढं नक्की.

गाण्याची वेळ सकाळ किंवा दुपार, पंप घेतल्यानंतर, भरल्या पोटी नाही. बसून, पाय जमिनीला टेकलेले, खांदे सैल. ओळी आखूड निवडा. श्वास संपायच्या आधी ओळ संपायला हवी. शेवटचा थेंब पिळून काढायचा नाही. आणि पट्टी उतरवा. इथे मानापमान होतो, सांभाळून घ्या. आमच्याकडे एक गृहस्थ होते, तरुणपणी उत्तम गायचे. पहिल्या दिवशी जुन्या पट्टीत सुरू केलं, दुसऱ्या ओळीला खोकल्याने अडले आणि पुढचे दोन आठवडे आले नाहीत. परत आले तेव्हा आम्ही सगळा वर्गच दोन स्वर खाली गायला लागलो होतो, कुणालाही काही न सांगता. मग ते टिकले. गाताना कफ सुटून खोकला येईल, त्याने घाबरायचं नाही. तेवढ्यासाठी तरी हे झोपण्याच्या वेळेला नको. बेडक्याचा रंग बदललाय, दम अचानक वाढलाय, नुकतंच थुंकीतून रक्त आलंय किंवा छातीत हवा शिरून फुफ्फुस मिटलं होतं, अशा काळात गाणं बंद.

दुःखी गाण्यांबद्दल मला नेहमी विचारतात. सरसकट बंदी घालू नका. काहींना त्यातून मोकळं रडता येतं आणि मग बरं वाटतं. काही त्यात रुतत जातात. गाणं संपल्यावर वीस मिनिटांनी बाबा काय करतात ते पाहा: उठून काही काम करतात की पुन्हा तेच गाणं लावतात? दुसरं असेल तर ते गाणं यादीतून हळूच काढा. मन कुठेच लागत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, खाणं सुटलंय, ‘आता संपलं तर बरं’ असं काही बोललेत, तर ते नैराश्य आहे आणि त्याला उपचार लागतात. ‘एचएडीएस’ नावाची १४ प्रश्नांची प्रश्नावली डॉक्टरांकडे असते, चिंता आणि नैराश्य वेगवेगळं मोजणारी. ती भरून घ्यायला सांगा.

राग कोणता? ज्यात बाबांचा जीव रमतो तो. अमुक राग म्हणजे अमुक आजार, असे तक्ते फिरत असतात, त्यावर वेळ घालवू नका. सूर ४३२ हर्ट्झला लावला की संगीत आजार बरे करतं, या दाव्याचंही तेच. गुणगुणल्याने नाकातला नायट्रिक ऑक्साइड हा वायू कितीतरी पटीने वाढतो हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं, ते खरं आहे. पण त्यावरून गुणगुणून फुफ्फुसं साफ होतात असा निष्कर्ष काढणारे संदेश खोटे आहेत.

फुंकवाद्यांबाबत सावध राहा. माउथ ऑर्गन बऱ्यापैकी सौम्य आहे, त्यात श्वास घेतानाही सूर निघतो. पण फुफ्फुसात मोठे हवेचे फुगे असतील तर जोर लावून फुंकायची वाद्यं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. डिजेरीडू हे ऑस्ट्रेलियातलं लांब फुंकवाद्य वाजवल्याने फायदा झाल्याचा २००६ चा जो अभ्यास लोक दाखवतात, तो झोपेतल्या श्वासरोधाच्या २५ रुग्णांवरचा होता, सीओपीडीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि वाद्य नियमित धुवा. बॅगपाइपमध्ये साठलेल्या बुरशीमुळे वादकाच्या फुफ्फुसांना घातक सूज आल्याची नोंद २०१६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती.

शेवटी वही. संगीत सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे आणि नंतर निदान तीन आठवडे रोज सकाळी चार गोष्टी लिहा: झोप लागायला अंदाजे किती वेळ लागला, किती वेळा उठले, उठले तेव्हा दम ० ते १० मध्ये किती होता, आणि परत आडवं व्हायला किती वेळ गेला. महिन्यातून एकदा कॅट प्रश्नावली भरा, सीओपीडीचा त्रास किती आहे ते मोजणारी. आठ प्रश्न, ४० गुण, त्यातला एक थेट झोपेबद्दल. दोन गुणांनी उतरली तरी फरक खरा धरतात. बहुतेकांच्या वहीत पहिला आकडा आधी हलतो, मग चौथा. दुसरा तसाच राहिला, म्हणजे बाबा तीनला उठतातच पण आता वीस मिनिटांत परत आडवे होतात, तर संगीताने त्याचं काम केलं असं समजा आणि तीच वही दाखवून छातीच्या डॉक्टरांकडे रात्रभराच्या ऑक्सिजन तपासणीची मागणी करा.